निळ्या खोळीतली रुई

अहो, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती शांत माणूस होता हो. मी मान हलवते आणि गप्प बसते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची माझी मलाच खात्री नाही. शांत कसले? पक्के लपवाछपवी करणारे होतात तुम्ही. हे मला तुम्ही गेल्यानंतर नवव्या दिवशी कळलं. त्या आधीचे आठ दिवस मी तुमच्यासाठी रडले. नवव्या दिवसापासून रडते आहे ती रागानं.

आज चौदावा दिवस. नीता सकाळीच सासरी राऊला गेली, जावईबापूंची सुट्टी संपली. घरात मी एकटी आहे आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुमची सवय जुनी. मी आवाज चढवला की चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसायचात, पोहे खायचात, आणि तासाभरानं असे परत यायचात की जणू काही झालंच नव्हतं. या वेळी चपला दाराशीच राहिल्या आहेत. त्या उचलून ठेवायचं धाडस नीतालाही झालं नाही.

आपल्या घरात थंडीसाठी पैसे मोजायची वेळ कधी आलीच नव्हती, आठवतं? लग्न होऊन मी मिलच्या लाईनीत, कामगारांच्या खोल्यांत, राहायला आले तेव्हा दर पौषात दारोदार शेगड्या फुललेल्या असायच्या. बॉयलरमधून निघालेला अर्धवट जळका कोळसा मिलमधून घरोघरी यायचा. आपण त्याची किंमत केली नाही, कारण तो फुकट होता. मिल बंद झाली तेव्हा पगार थांबला हे सगळ्यांना कळलं. कोळसाही थांबला हे पहिल्या थंडीत कळलं. त्या वर्षी लाईनीतल्या खोल्या इतक्या गार पडल्या की सकाळी तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडायचा नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही घरी आलात ते दोन पोती घेऊन. कार्डिंग खात्यात तुमची सारी नोकरी गेली. रुई विंचरून तिचे पेळू करायचे ते खातं. मशिनींखाली जी रुई उडून साचते, झाडून काढतात, ती त्या दिवशी सायबानं वाटून टाकली. तुम्ही पोती खाली ठेवलीत आणि म्हणालात, "घे. मिलचा माल आहे, एकदम असली. बाजारात अशी मिळणार नाही."

आणि मी विश्वास ठेवला. सगळ्या लाईनीनं ठेवला. बाहेरच्या कुणाही बाईनं ती करडी, काळ्या कणांची रुई पाहून नाक मुरडलं असतं आणि बाजारातून पांढरी आणली असती. आम्हाला मात्र तो मिलचा माल होता. मिलच्या मालात खोट असू शकते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. व्हरांड्यात चटया घालून आम्ही बायकांनी आठवडाभर रजया भरल्या. नाकात, केसांत, भाकरीच्या पिठात सगळीकडे ती धूळ. आपल्या दोन रजया मी भरल्या, दोन्हींचे टाके माझे. ती रुई हाताला मऊ लागायची, आणि मऊ म्हणजे चांगली असं मला वाटलं. ही चूक माझी आहे, ती मी कबूल करते. पण पुढची चूक माझी नाही.

तुमचं थंडीचं शास्त्र तिथून सुरू झालं. काय अभिमान होता तुम्हाला त्याचा! गादीखाली गोणपाट, गोणपाटाखाली जुनी वर्तमानपत्रं, कारण थंडी खालून येते, वरून नाही. झोपायच्या आधी पाय गरम पाण्यानं धुवायचे, कोरडे करायचे, मोजे घालायचे. सोड्याच्या बाटलीत ऊन पाणी भरून ती पायाशी. रजई अंगावर टाकायची नाही, दोन्ही बाजूंनी अंगाखाली दाबायची. लाईनीतल्या नव्या सुनांना तुम्ही हे सगळं समजावून सांगायचात, एखादा मास्तर पाढे शिकवतो तसं. त्या पदराआड हसायच्या, पण घरी जाऊन तसंच करायच्या. आणि खरं सांगते, फरक पडायचा. त्या वेळी मी कबूल केलं नाही, आता करते. ज्या घरांनी हीटर घेतले त्यांची बिलं भरता भरता कंबर मोडली. आपली नाही मोडली. नीताची बारावी, तिचं कॉलेज, सगळं त्या गोणपाटावर पार पडलं म्हटलं तरी चालेल. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आत्ता एवढंच म्हणते, कारण रागात जास्त म्हणवत नाही.

तुकोगंजच्या त्या ऑफिसात तुम्हाला दार उघडायची नोकरी लागली तेव्हा मात्र मला हसावं की रडावं कळेना. नवीन काच, नवीन कंपनी, आत थंडगार एसी. मे महिन्यात सगळं इंदूर घामाघूम असताना तुम्ही हाफ स्वेटर पिशवीत घालून कामावर जायचात. शेजारची बाई विचारायची, "भियाजी, स्वेटर किधर ले जा रहे हो?" तुम्ही म्हणायचात, "शिमल्याला." तिथली पोरं पैसे देऊन थंडी विकत घेत होती आणि तुम्ही त्या थंडीत आठ तास उभे राहून खोकत होतात. एवढी उभ्या जन्माची चेष्टा झाली, पण तुम्हाला कधी राग आला नाही. तुमच्या वाटणीचा सगळा राग माझ्याकडेच आला असावा.

त्यानंतर नीतानं हीटर आणला. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या दिवाळीला. दोन लाल सळ्यांचा, छोटासा. तुम्ही तिच्यासमोर कौतुक केलंत आणि ती गेल्यावर प्लग काढून ठेवलात. मी लावला की तुम्ही बाहेर मीटरपाशी जाऊन उभे.

"अगं, चकरी बघ कशी पळते! खोली कशाला तापवते फालतूमध्ये? खोली काय आपल्यासोबत झोपते का?"

"तुम्ही रात्रभर खोकता, ते बघा आधी!"

"खोकला मिलचा आहे. हीटरनं थोडी जातो तो. तू फोकटमध्ये टेन्शन घेते."

हे भांडण आपलं किती वर्षं चाललं? आणि एकदा, जावईबापूंच्या देखत, मी म्हणाले होते, "मिलनं तुमची छाती खाल्लीच, डोक्यातही भुसकट भरून ठेवलं." तुम्ही हसलात. जावईबापूंनी मान खाली घातली. तुम्ही चपला घालून कोपऱ्यावर गेलात. मी त्याबद्दल माफी मागितली नाही. मागायची आहे हे रोज आठवायचं आणि रोज वाटायचं, उद्या मागू.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, अंथरूण-पांघरूण कशाचं आहे? तुम्ही ऐटीत सांगितलंत, मिलच्या रुईचं. डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकले. म्हणाले, "अहो, जी धूळ आयुष्यभर छातीत भरली तीच रात्रभर नाकावर घेऊन झोपता? आजच्या आज फेकून द्या." तुम्ही मान डोलावलीत. घरी येताना रिक्षात मी माझीच बोटं बघत बसले. टाके माझे होते.

त्या नवरात्रात मी लोकांचे ब्लाऊज शिवले, फॉल लावले, रात्रीचा डोळा चुरचुरेपर्यंत मशीन चालवलं, आणि दिवाळीच्या आत तुमच्यासाठी नवी रजई भरून आणली. चांगली, लांब धाग्याची, दुधासारखी पांढरी रुई. वर निळी खोळ, बारीक पांढऱ्या फुलांची. तुमची जुनी तुम्ही फेकून आलो म्हणालात, माझी जुनी मरून रंगाची रजई मी तशीच ठेवली. एकीपुरतंच जमलं होतं, आणि छाती तुमची खराब होती. साधा हिशेब होता. तुम्ही रजईवरून हात फिरवलात, कडेचा टाका किंचित उसवून दोन बोटांत रुई ओढून पाहिलीत आणि म्हणालात, "फर्स्ट क्लास. असा माल आमच्या खात्यातपण रोज नाही यायचा." मला इतका आनंद झाला होता!

मग मी नीताच्या बाळंतपणाला महिनाभर राऊला गेले. परत आले तर दोन्ही रजया नव्यानं टाके घातलेल्या. तुम्ही म्हणालात, हमीदभाईंकडून पिंजून आणल्या, थंडीआधी करावंच लागतं. रजयांचं काम नेहमी तुमचंच असायचं, रुईचा माणूस म्हणून तो तुमचा मान होता. मी काही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात माझी मरून रजई एकदम उबदार झाली. माझा स्वतःचा बारीक खोकला होता तो गेला. मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "बघा, मी रोज गच्चीवर उन्हात घालते ना, जुनी रजईसुद्धा कशी ऊब देते! तुमच्या शास्त्रात ऊन नव्हतं." तुम्ही चहाचा कप तोंडाशी धरून म्हणालात, "मग! तुझ्या उन्हाची बात वेगळी."

कपाआड तोंड लपवलं होतं तुम्ही. आता कळतंय.

या मार्गशीर्षात तुम्हाला दवाखान्यात भरती केलं. वॉर्डात खिडकीची एक काच फुटकी, आणि अंगावर ते पातळ लाल ब्लँकेट, आरपार दिसणारं. दुसऱ्याच दिवशी मी रिक्षा करून घरी आले आणि निळी रजई घेऊन गेले. वॉर्डबॉय म्हणाला, बाहेरचं पांघरूण चालणार नाही. मी त्याच्याशी असं कडाक्याचं भांडले की नर्स धावत आली आणि म्हणाली, राहू द्या. मी जिंकले. विजयानं मी ती रजई तुमच्या अंगावर घातली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"ही कशाला आणलीस?"

"मग काय त्या चिंधीखाली कुडकुडता?"

"राहू दे ना. जड होते."

"गप्प पडा."

आणि मी दोन्ही बाजूंनी ती अंगाखाली दाबली, तुम्हीच शिकवलं होतं तसं. वर हनुवटीपर्यंत ओढली. माझ्या हातानं. तुम्ही एकदा पुन्हा तोंड उघडलंत, मला वाटलं पाणी हवंय. मी चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात, ती रजई अंगावर असतानाच.

तेव्हा तरी सांगायचं होतं. एक वाक्य लागलं असतं. मी ओरडले असते, सगळा वॉर्ड जागा झाला असता, पण मी ती रजई त्या फुटक्या काचेतून बाहेर भिरकावली असती. तुम्हाला माझ्या ओरडण्याची भीती वाटली की मला वाईट वाटेल याची? उत्तर द्यायला तुम्ही नाही आहात, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

नवव्या दिवशी गुरुजींनी यादी दिली. शय्यादानाला गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला. पांघरूण नवं हवं. मी म्हटलं, नवं कशाला आणायचं, यांची निळी रजई तीनच हिवाळे वापरलेली, आत उत्तम रुई, ती पिंजून नवी खोळ घालू. नीता म्हणाली, "आई, सुतकात मार्केटमध्ये कोण जातं? लोग क्या बोलेंगे?" मी म्हटलं, बोलू देत. रजई काखेत मारली आणि कृष्णपुऱ्याला हमीदभाईंच्या दुकानी गेले.

हमीदभाई मला पाहून उभे राहिले. डोक्यावरची टोपी सारखी केली. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलले, चांगले बोलले. मी रजई पुढे केली आणि म्हटलं, "इसको पिंज दो, दान में देना है. बहुत अच्छी रुई है."

ते रजईला हातच लावेनात. म्हणाले, "भाभीजी, दान के लिए मैं नई भर देता हूं. मेरी तरफ से."

"नहीं, इसी की चाहिए. मैंने खुद लाई थी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाइलाजानं कात्री घेतली आणि कडेचे टाके उसवले. आतून जी बाहेर आली ती करडी होती. काळे कण, सरकीची टरफलं, आणि तो वास. तेलाचा, धुळीचा, तुमच्या कामावरच्या सदऱ्याचा वास. वीस वर्षं मी तो सदरा धुतला होता. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तरी मी विचारलं. हमीदभाई खाली बघत बोलले. तीन वर्षांपूर्वी तुम्ही सायकलवर दोन्ही रजया आणि मला फेकली म्हणून सांगितलेली तुमची जुनी, अशा तिन्ही बांधून आलात. नवी रुई माझ्या मरून खोळीत भरायला सांगितलीत, आणि तुमची जुनी मिलची रुई निळ्या खोळीत. माझी जुनी फेकून द्यायला लावलीत. ते नको म्हणत होते. "मैंने बहुत मना किया, भाभीजी. भाईसाब बोले, मेरी छाती तो मिल ले गई, हमीदभाई. इनकी बची है, वो बचा लो. और बोले, इनको मत बताना, लड़ेगी."

"और बाद में? अगले साल? उसके अगले साल?"

"हर साल आते थे. हर साल बोलते थे, इस बार रहने दो, मेरी अगले साल बदलेंगे."

मी हमीदभाईंवर ओरडले. भर बाजारात, सुतकातली बाई, पदर डोक्यावरून घसरलेला. तुम्ही माणूस आहात की कोण, असं म्हणाले. ते ऐकत राहिले. ओरडायचं होतं तुमच्यावर, आणि बोलणी त्या म्हाताऱ्यानं खाल्ली. त्यांची माफी मी परवा जाऊन मागून आले. माफी उद्यावर टाकायची सवय मी सोडली आहे.

नीतानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, छाती आधीच गेलेली होती, रजईनं फार फरक पडला नसता. त्यांना तसं म्हणणं भागच होतं. नीताला ते पटलं. मला पटत नाही. फार नाही म्हणजे किती? एक हिवाळा? एक महिना? मला तोही हवा होता. माझा खोकला बरा करायला मी तुम्हाला सांगितलं होतं का? मी रात्र रात्र मशीन चालवलं ते कुणासाठी? माझं देणं तुम्ही मलाच परत केलंत, आणि वर मला विचारलंही नाहीत. तीन हिवाळे मी तुमच्या शेजारी उबेत झोपले, तुम्ही खोकलात की कूस बदलून म्हणाले, "झोपू द्या हो जरा." हे तुम्ही मला करायला लावलंत. प्रेम होतं, कळतं मला, मी मूर्ख नाही. पण असलं प्रेम करण्याआधी माणसानं बायकोला विचारावं.

त्या दिवशी मी ती रुई पोत्यात भरून घेतली. रिक्षावाल्याला म्हटलं, मिलच्या फाटकावरून घे. फाटकाला तोच गंजलेल्या कुलपाचा लोखंडी साखळदंड. पोतं मी फाटकाला टेकवून ठेवलं. आतून चौकीदार आला.

"अम्मा, यहां कचरा मत डालो."

"कचरा नहीं है, भिया. तुम्हारा ही माल है. एकदम असली."

तो काही समजला नाही. समजावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. ज्यांना समजायला हवं होतं ते फाटकाला कुलूप घालून केव्हाच निघून गेले.

आणि आता शेवटचं सांगते, मग मीही चपला घालून कोपऱ्यावर जाईन, पोहे खाईन. शय्यादानाला मी माझी मरून रजई दिली. हमीदभाईंनी ती रुई पुन्हा पिंजली, पैसे घेतले नाहीत. नवी खोळ मी शिवली, टाके मी घातले, दाट. गुरुजी म्हणाले, "वापरलेली आहे का?" मी म्हटलं, "हो. ज्यांची होती त्यांनीच वापरलेली नाही." ते गोंधळले, पण मंत्र म्हणाले. दान केलेलं गेलेल्या माणसाला पोचतं असं ते म्हणतात. माझा विश्वास आहे की नाही, ठाऊक नाही. पण या एका गोष्टीपुरता मी ठेवला आहे.

घरात नीताचा हीटर लावला आहे. चकरी पळते आहे, पळू दे. रुई तुमच्याकडे पोचली असेल एव्हाना. गोणपाट नसलं तर काहीतरी बघा, पण दोन्ही बाजूंनी नीट दाबून घ्या. आणि शेजारी कुणी कुडकुडताना दिसलं तरी खबरदार, ती रजई अंगावरून काढलीत तर.